हनुवटीवरचे पाच ठिपके

जवळा बाजार गावात भुजंगरावांचा फोटो स्टुडिओ अजून आहे, हे गावातल्याच निम्म्या लोकांना सांगावं लागतं. खताच्या दुकानाशेजारच्या बोळातून आत गेलं की तीन पायऱ्या, निळा दरवाजा आणि वर रंग उडालेली पाटी. एके काळी बाजारच्या दिवशी त्या पायऱ्यांवर रांग असायची. लग्न ठरलेल्या पोरी, नोकरीचा अर्ज भरणारे, मेंढरं विकून खुशीत आलेली माणसं, सगळी तिथं बसून एकाच कंगव्यानं केस विंचरायची. आता बाजारच्या दिवशी फार तर एखादी शेळी सावलीला बसलेली असते. भुजंगराव तिला हाकलत नाहीत. "तेवढंच गिऱ्हाईक," म्हणतात.

वय अडुसष्ट. अंगानं काटक, जिभेनं तिखट. त्यांचं एक मत पक्कं आहे: काढल्याबरोबर फोटो बघायला मिळायला लागला आणि माणसं बिघडली. पूर्वी फोटो काढून माणूस आठ दिवस वाट बघायचा. त्या आठ दिवसांत त्याला आपल्या चेहऱ्याची थोडी धास्ती असायची आणि थोडी आशाही. आता लगेच बघतात, लगेच नाक मुरडतात, लगेच दुसरा काढतात. हे मत ते बंडूच्या टपरीवर रोज मांडतात आणि बंडू रोज "बराबर हाय" म्हणतो, कारण त्याला चहा ओतू जाऊ द्यायचा नसतो.

तरुणपणी भुजंगरावांच्या हाताचं नाव होतं. सेनगावपासून माणसं यायची. त्यांच्या फोटोतला माणूस मूळ माणसापेक्षा जरा बरा दिसायचा, आणि हे कसं होतं ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. बायको सुधा तेवढी जाणून होती. ती जाऊन आता चार वर्षं झाली. स्टुडिओच्या भिंतीवर तिचा एक मोठा फोटो आहे, लग्नाच्या पहिल्या वर्षातला. त्याला ते हार घालत नाहीत. रोज सकाळी कोरड्या फडक्यानं काच मात्र पुसतात.

जानेवारीतल्या एका सोमवारी अनुसयाबाई त्या तीन पायऱ्या चढून आल्या. सोबत सून रुपा. अनुसयाबाई म्हणजे जवळच्याच एका वाडीवरच्या, मेंढरं राखण्यात आयुष्य गेलेल्या. सत्तरी ओलांडलेली, पण पाठ ताठ. डोक्यावरचा पदर दातांत धरून त्या खुर्चीवर बसल्या आणि पदराच्या गाठीतून एक फोटो काढून टेबलावर ठेवला.

"बगा बरं भाऊ, ही कोन बाई हाय?"

भुजंगरावांनी चष्मा वर केला. फोटोत एक गोरीपान, गुळगुळीत, सुरकुती नसलेली म्हातारी होती. मागं कमळांचं तळं. कपाळ स्वच्छ, गाल स्वच्छ, हनुवटी स्वच्छ. डोळे तेवढे अनुसयाबाईंचे होते, आणि तेही जरा गोंधळलेले.

"मोबाइलच्या दुकानातला दिसून राहिला," भुजंगराव म्हणाले.

"व्हय. आन् माजं गोंदन कुटं गेलं?"

तेव्हा त्यांनी समोरच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं. कपाळावर भुवयांच्या मधोमध तीन हिरवे ठिपके, डाव्या कानशिलावर एक, आणि हनुवटीवर पाच, चार कोपऱ्यांना चार आणि मधे एक. वयानं फिकट झालेले, पण जागच्या जागी. सावळ्या, उन्हानं रापलेल्या कातडीवर ते लांबून दिसत नव्हते. जवळ गेलं की दिसत होते.

भुजंगरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजकालच्या पोरांना चेहरा म्हणजे काय हेच कळत नाही, बोट फिरवायचं आणि माणूस पुसून टाकायचा, ही काय कला झाली, असं त्यांनी चांगलं दहा मिनिटं सुनावलं. अनुसयाबाई शांतपणे ऐकत होत्या. त्यांच्या तोंडावर एक बारीकसं काहीतरी येऊन गेलं, हसू म्हणावं तर हसू नव्हे. भुजंगरावांनी त्याचा अर्थ लावला नाही. स्वतः बोलत असताना ते दुसऱ्याकडं फारसं बघत नसत.

मग रुपानं खरं काय ते सांगितलं. सासूबाईंना तोंडाचा आजार निघाला होता, मशेरीनं. पुढच्या मंगळवारी नांदेडला भरती व्हायचं होतं. डॉक्टर खालचा जबडा काढणार होते, हनुवटीसकट.

"जगतील म्हणलेत डॉक्टर," रुपा घाईनं म्हणाली. "पण हे..." तिनं स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं.

अनुसयाबाईंनीच वाक्य पुरं केलं. "मानूस मेल्यावर अंगावरचं समदं काडून घेतेत भाऊ. डोरलं, पाटल्या, जोडवी. गोंदन तेवडं कुनी काडत न्हाई. नरसीच्या जत्रंत मायचा हात धरून गोंदून घेतलं म्या, सात वर्साची होते. लई रडले. माय म्हनली, हे तुज्यासंगं वरपर्यंत यील. आता दवाखान्यात हेच काडून ठिवनार. संगं येनार न्हाई, मंग मागं फोटू तरी पायजे का न्हाई? मालकाच्या फोटूशेजारी लावायचाय. मालकानं वळखाया पायजे मला."

भुजंगरावांनी टेबलावर हात ठेवला. "एकेक ठिपका आणून देतो, बाई. जबान देतो."

त्या गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की जबान दिली खरी, पण साधन काय?

डिजिटल कॅमेरा कपाटात होता. त्यात ठिपके उमटले असते, नाही असं नाही. पण त्यातला फोटो म्हणजे हवेवरचा. उद्या तो कुणाच्या मोबाइलमध्ये जाईल, तिथं कुणीतरी मायेनंच बोट फिरवील, आणि मग खरं काय होतं हे सांगायला कुणी उरणार नाही. निगेटिव्हचं तसं नसतं. ती एका पाकिटात पडून राहते. वर कागदावर कुणी काही करो, खरं काय ते तिला माहीत असतं. आणि नवऱ्याशेजारी भिंतीवर लागणारा फोटो साक्षीदारावाचून असू नये, असं भुजंगरावांना मनापासून वाटत होतं.

त्यांचा जुना दोन भिंगांचा कॅमेरा अजून चालू होता. त्याला रुंद रोल लागतो आणि त्यात बाराच फोटो येतात. फ्रीजमध्ये, सुधानं घातलेल्या लिंबाच्या लोणच्याच्या बरणीमागं, तसा एक रोल होता. शंभर स्पीडचा, एकदम बारीक दाण्याचा, मुदत संपून पंधरा वर्षं झालेला. बरणी त्यांनी चार वर्षांत हलवली नव्हती. ती अलगद बाजूला करून त्यांनी रोल काढला, हातात धरला आणि परत ठेवला. शिळ्या फिल्मवर रंग मळतात, आणि सगळ्यांत आधी घात होतो तो अशा फिकट हिरव्याचाच. पोरांना गंमत म्हणून ते चालेल. जबडा जाणाऱ्या बाईवर ही परीक्षा करायची नव्हती.

त्यांनी पुण्याला लेकीला फोन लावला. सुकन्या कॉलेजात शिकवते, आणि तिच्या विद्यार्थ्यांत हल्ली फिल्मचं वेड आलंय हे तिनंच मागं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "बाबा, चारशे स्पीडची मिळते आहे. लगेच पाठवू?"

"चारशेची नको."

"का? चांगली असते म्हणतात. कमी उजेडातही काढता येतो फोटो."

"म्हणूनच नको. आकडा जेवढा मोठा, तेवढी फिल्म चपळ अन् तेवढा तिचा दाणा जाड. चित्र त्या दाण्यांचंच बनतंय, पोरी. मोठा फोटो केला की दाणा दिसायला लागतो. अन् माझे ठिपके मुगाएवढे. जाड दाण्यात ते म्हणजे ज्वारीच्या राशीत सांडलेली बाजरी. शोधत बस."

"मग ब्लॅक अँड व्हाइट घ्या. ती बारीक दाण्याची सहज मिळते."

"त्यात गोंदण काय, तीळ काय अन् मस काय, सगळं काळंच. हिरवं दिसाया पायजे. रंगीत, निगेटिव्हची, एकशे साठची असते बघ, चेहऱ्यासाठीच बनवलेली. कातडीचा रंग ती ओरडून सांगत न्हाई, हळू सांगते. ती बघ."

बाप इतक्या दिवसांनी कशासाठी तरी हट्ट करून राहिला, हे तिला फोनवरही जाणवलं असणार. "शोधते," ती म्हणाली.

बुधवार गेला, गुरुवार गेला. भुजंगरावांनी बंडूच्या टपरीवर मत मांडणं बंद केलं आणि बंडूला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. शुक्रवारी संध्याकाळी सुकन्याच्या एका विद्यार्थिनीनं स्वतःसाठी ठेवलेला रोल दिला. तो ट्रॅव्हल्सच्या गाडीनं निघाला आणि शनिवारी सकाळी औंढ्याच्या थांब्यावर भुजंगरावांनी तो ड्रायव्हरच्या हातून घेतला. एकच रोल. बारा फोटो. परतीच्या जीपमध्ये त्यांनी तो सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला होता आणि शेजारच्या माणसाचा धक्का लागला की ते खिशावर हात ठेवत होते.

रविवारी सकाळी नऊ वाजता अनुसयाबाई आल्या, नाकात नथ, अंगावर हिरवं लुगडं, आणि काखेत फडक्यात गुंडाळलेली एक फ्रेम. भुजंगरावांनी उत्तरेकडची खिडकी उघडून तिला जुन्या धोतराचा पडदा लावून ठेवला होता. तिथून येणारा उजेड मऊ असतो, चेहऱ्यावर आदळत नाही. खुर्ची मांडली, दुसऱ्या बाजूला उजेड परतवायला पांढरी चादर टांगली.

"हे काय आणलं?"

"मालकाचा फोटू. ह्याच्याशेजारी लावायचाय ना. म्हनलं मापाचा व्हावा."

भुजंगरावांनी फडकं सोडलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे, हा तर माझाच!"

एक्केचाळीस वर्षांपूर्वीचा काळापांढरा फोटो. फेटा बांधलेला नवरा बजरंग खुर्चीवर, मांडीवर हात, आणि शेजारी उभी तिशीतली अनुसया. त्यांनी सदऱ्याच्या टोकानं काच पुसली. प्रकाश कसा धरलाय, फेट्याची घडी न् घडी कशी आलीये, ते स्वतःशीच वाखाणत राहिले. मग त्यांची नजर बाईच्या चेहऱ्यावर गेली.

कपाळ स्वच्छ होतं. कानशील स्वच्छ होतं. हनुवटी स्वच्छ होती.

परभणीच्या त्यांच्या उस्तादानं त्यांना शिकवलेली विद्या ती हीच. निगेटिव्हवर आधी रोगणाचा पातळ हात द्यायचा. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हवर उजळ दिसतो. कडक पेन्सिलीला सुईसारखं टोक करायचं आणि भिंगाखाली त्या उजळ जागा शिशानं हलक्या हातानं भरत जायच्या. कागदावर डाग नाहीसा होतो. वांग, मुरुम, सुरकुत्या, देवीचे वण, गोंदण, सगळं डागातच जमा होतं. कुणी सांगायची गरज नसायची. तोच तर त्यांच्या हाताचा लौकिक होता. सोमवारी मोबाइलवाल्या पोरावर दहा मिनिटं आग पाखडली तेव्हा हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

त्यांनी फ्रेम टेबलावर ठेवली.

"अनुसयाबाई, हे... हे मी केलं."

"व्हय," त्या म्हणाल्या. "मला ठाव हाय."

"कधीपासून?"

"आवंदाच कळलं. चाळीस वर्सं वाटायचं, गोंदन फोटूत उमटतच न्हाई. सासू म्हनली, ते देवाघरचं लेनं, मशिनीला कसं दिसंल? मला बी पटलं. लई बरं वाटायचं भाऊ, मशिनीला दिसत न्हाई म्हून. मंग त्या दिशी मोबाइलच्या दुकानात पोरानं फोटू काडला आन् काचंवर दावला. समदं व्हतं. नऊच्या नऊ ठिपकं. म्या म्हनलं, अगं बया, दिसतंय की! तवर त्यानं असं बोट फिरवलं, आन् गेलं." त्यांनी हवेत बोट फिरवून दाखवलं. "तवा उमगलं. मशिनीला दिसतंय. कुनीतरी पुसतंय."

रुपा दाराशी उभी राहून बोळातल्या शेळीकडं बघत होती.

"मग माझ्याकडं काहून आल्या?" भुजंगरावांनी विचारलं. "मीच पुसलं अन् माझ्याकडंच?"

"पुसलं त्यालाच ठाव असंल ना," अनुसयाबाई म्हणाल्या, "कुटं कुटं व्हतं ते."

यात टोमणा नव्हता. असता तर भुजंगरावांना सोपं गेलं असतं, टोमण्याला त्यांच्यापाशी तयार उत्तरं असतात. पण बाई सरळ बोलत होती आणि ते खरंही होतं. एक्केचाळीस वर्षांपूर्वी एका दुपारी त्यांनी त्या चेहऱ्यावरचा एकेक ठिपका भिंगाखाली शोधला होता. तिच्या आईनंतर आणि त्या गोंदणारणीनंतर इतक्या बारकाईनं ते ठिपके त्यांनीच पाहिले असतील.

"चुकलो," ते म्हणाले.

"बरं दिसावं म्हूनच केलं ना? जाऊ द्या." अनुसयाबाईंची नजर फिरत फिरत समोरच्या भिंतीवर गेली. "ह्या कोन?"

"ही? सुधा. माझी बायको."

"वैनी?" त्या उठून जवळ गेल्या. पदर सारखा करून त्यांनी फोटो खालून वर पाहिला. "अगं बया. वळखूच आल्या न्हाईत. चा घेऊन यायच्या त्या, मला चांगल्या आठवतेत. त्येंच्या गालाला देवीच्या खुना व्हत्या ना?"

होत्या. लहानपणी देवी आलेल्या. लग्नाच्या पहिल्या वर्षी भुजंगरावांनी तिचा हा फोटो काढला आणि चार रात्री बसून तिचा चेहरा गुळगुळीत केला. तिनं मागितलं नव्हतं. मोठ्या हौसेनं हातात दिला तेव्हा ती बराच वेळ फोटोकडं बघत राहिली आणि "छान आहे" म्हणाली. त्यानंतर ती त्यांच्या कॅमेऱ्यासमोर कधी बसली नाही. "पोरीचा काढा, माझा काय काढताय," म्हणायची. ती लाजते असं त्यांना आजवर वाटत आलं होतं.

आता त्यांनी त्या खुणा आठवून पाहिल्या. उजव्या गालावर होत्या की डाव्या? रोज सकाळी ते ज्या चेहऱ्याची काच पुसत होते त्यावर एकही खूण नव्हती, आणि चार वर्षांत तोच चेहरा आतल्या चेहऱ्यावर बसून गेला होता. त्यांना आठवेना. इतकी वर्षं जिच्यासमोर जेवायला बसलो तिचा गाल आठवेना.

"बसा," ते अनुसयाबाईंना म्हणाले. "उजेड बदलेल."

उजेड मोजायचं यंत्र त्यांनी पदराजवळ धरलं नाही, अनुसयाबाईंच्या हनुवटीजवळ धरलं. एकशे साठची फिल्म त्यांनी ऐंशीची समजून चालवली, म्हणजे सांगितल्यापेक्षा दुप्पट उजेड. रंगीत निगेटिव्हला जास्तीचा उजेड पचतो, उपास सोसत नाही. सावळ्या चेहऱ्याला उजेड कमी पडला की सावलीत दाणा वर येतो, आणि हनुवटीचा भाग नेमका सावलीत असतो. या कॅमेऱ्यात बघायला मान खाली घालावी लागते. इतकी वर्षं ती त्यांनी कामाची सवय म्हणून घातली होती. आज घातली तेव्हा ते थोडा वेळ तसेच राहिले.

काचेवर अनुसयाबाई उलट्या बाजूनं दिसत होत्या, डावं उजवीकडं. भिंग पुढं-मागं करताना त्यांनी डोळ्यांवर नेम धरला नाही. हनुवटीवरचा मधला ठिपका कडक होईपर्यंत ते थांबले.

"श्वास धरा."

जुन्या माणसांना स्थिर बसता येतं. खटका वाजला, सेकंदाचा तिसावा हिस्सा. मग दुसरा, किंचित डावीकडून, कानशिलासाठी. तिसऱ्याला त्यांनी चादर जवळ ओढली. सहाव्याला अनुसयाबाई म्हणाल्या, "हसू का?" आणि त्यांनी सांगितलं, "वाटलं तर हसा." त्या हसल्या नाहीत. दहाव्याच्या वेळी मात्र त्यांनी आपण होऊन हनुवटी जराशी वर उचलली, मायचा हात धरून सुईसमोर उचलली असेल तशी, आणि भुजंगरावांनी तो फोटो घेताना स्वतःचाही श्वास धरला.

रोल पुण्याला गेला. मंगळवारी अनुसयाबाई भरती झाल्या. शनिवारी दुपारी भुजंगरावांना लॅबमधून एका पोरीचा फोन आला.

"सर, निगेटिव्ह मस्त आलीये. पण आजींच्या चेहऱ्यावर हिरवट स्पॉट दिसतायत. बुरशी आहे का? स्कॅनमध्ये क्लीन करून देऊ?"

"हात लावू नका!" ते इतक्या जोरात ओरडले की बोळातली शेळी उठून उभी राहिली. मग त्यांनाच वाईट वाटलं. पोरीनं निदान विचारलं तरी होतं. त्यांनी तर कधी विचारलंही नव्हतं. "बाळा," ते हळू म्हणाले, "किती स्पॉट आहेत ते मोज बरं."

पलीकडून पुटपुटत मोजल्याचा आवाज आला. "नऊ, सर."

"मग सगळे आलेत. तसेच राहू दे."

फोटो येईपर्यंतच्या दिवसांत त्यांनी माळ्यावरचे पत्र्याचे डबे उतरवले. वर्षावार पाकिटं होती, प्रत्येकावर पेन्सिलीनं नाव. बजरंग आणि अनुसया सापडले. कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये भिजवून त्यांनी निगेटिव्हवरून हलकेच फिरवला. रोगण विरघळलं, त्याच्याबरोबर शिसंही आलं, आणि त्यांनीच भरलेल्या जागा एकेक करून उजळ झाल्या. चाळीस वर्षांनी ते काम उलटं करताना त्यांनी फिल्मला ओरखडा येऊ दिला नाही. त्याच डब्यात सुधाचंही पाकीट होतं. ते त्यांनी उघडलं नाही. तेवढी एकच निगेटिव्ह होती. एक नख लागलं तर काहीच उरलं नसतं.

तीन आठवड्यांनी अनुसयाबाई वाडीवर परत आल्या तेव्हा भुजंगराव दोन फ्रेमा घेऊन गेले. त्या बाजेवर बसल्या होत्या. चेहऱ्याचा खालचा भाग पांढऱ्या फडक्यानं बांधलेला, नाकात नळी. बोलता येत नव्हतं. चेहरा अर्धाच राहिलाय हे फडक्यावरूनही कळत होतं, आणि भुजंगरावांना क्षणभर तिकडं बघवेना.

रुपानं पहिली फ्रेम सासूच्या मांडीवर ठेवली. गालावरची उन्हानं पडलेली जाळी होती, डोळ्यांखालच्या घड्या होत्या, पांढऱ्या केसांची एकेक बट होती. सावळा रंग सावळाच होता. अनुसयाबाईंनी बोट काचेवर ठेवलं. कपाळ, एक, दोन, तीन. कानशील, चार. मग बोट खाली आलं आणि हनुवटीवर फार सावकाश फिरलं. पाच, सहा, सात, आठ. मधल्या ठिपक्यावर ते थांबलं आणि बराच वेळ तिथंच राहिलं. दुसऱ्या फ्रेममध्ये, जुन्या निगेटिव्हवरून नव्यानं छापलेल्या फोटोत, बजरंगशेजारच्या तरुण अनुसयेच्या चेहऱ्यावरही त्यांनी तसंच मोजलं. रुपा पदरानं डोळे पुसत होती. अनुसयाबाई रडल्या नाहीत. त्यांनी भुजंगरावांकडं पाहिलं, स्वतःच्या गालावर दोन-तीनदा बोट टेकवलं आणि प्रश्नासारखी मान हलवली. वहिनींचं काय, असं त्या विचारत होत्या.

"अजून न्हाई," भुजंगराव म्हणाले. "भ्या वाटतंय."

अनुसयाबाईंनी मांडीवरची फ्रेम हातानं थोपटली.

घरी येऊन त्यांनी उत्तरेची खिडकी उघडली. सुधाचं पाकीट उघडलं, चिमट्यानं निगेटिव्ह काचेवर ठेवली, बोळा भिजवला. आधी कपाळ. तिथं काही नव्हतं. मग उजवा गाल, जिथं त्या असाव्यात असं त्यांना आठवड्याभरापासून वाटत होतं. तिथंही शिसं निघालं नाही. मग डाव्या गालावरून बोळा फिरवला, आणि कापूस करडा झाला.

त्यांनी निगेटिव्ह उजेडासमोर धरली. डोळ्याच्या कोपऱ्यापासून ओठापर्यंत त्या बारीक उजळ जागा एकामागून एक उमटल्या होत्या, आणि नाकपुडीशेजारी एक वेगळी, जी त्यांना अचानक लख्ख आठवली. चहाचा कप पुढं करताना ती मान वळवायची तेव्हा तीच आधी दिसायची.

"आलीस का," ते म्हणाले, आणि भिंग डोळ्याला लावून मोजू लागले. अकरापर्यंत आले आणि डोळे भरून आल्यामुळं चुकले. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.